तुरटीच्या पातेल्यातलं बेअरिंग

मामा, तुमच्या तेराव्याला सिद्धराजू आला होता. तलकाडहून, सकाळच्या बसने, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. तुमच्या फोटोपुढे त्याने हात जोडले, मग मामींसमोर सतरंजीवर बसला आणि कन्नडात म्हणाला, "अक्का, मी मनात काही ठेवलेलं नाही. शेवटी शेवटी त्यांचे डोळे गेले होते, पाप, बिचारे. हातून झालं ते झालं. मी माफ केलंय."

मामींनी पदर डोळ्यांना लावला. बसलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. मी भाताचं भांडं घेऊन दारात उभी होते. तुम्हाला माफी मिळत होती, आणि ती माझ्या चुकीची होती.

आपल्या समाजाच्या अंकासाठी तुमच्यावर चार शब्द लिही, असं मला सांगितलं गेलं. घरात पदवी घेतलेली मी पहिली, म्हणून लिहायचं कामही माझंच. जन्म कुठे झाला, दुकान कधी काढलं, हे त्यांना हवं असेल. ते दुसरं कोणी लिहील. मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. तुम्ही असताना ती मी सांगितली नाही, आणि आता ती सगळ्यांसमोर सांगायला हवी, कारण दोष तुमच्या नावावर सगळ्यांसमोरच लागला.

सिद्धराजूच्या बोटीचा पंप तुमच्या हातून बिघडला नाही. माझ्या हातून बिघडला. तुम्ही मला विचारलंत आणि मी खोटं बोलले.

*

मला मैसूरला तुम्ही आणलंत. नरसीपूरच्या कन्नड शाळेत मी पहिली आले, तेव्हा बाबा शिलाईच्या मशीनवरून मानही वर न करता म्हणाले होते, "पुढे काय करायचं तिला?" तुम्ही त्याच आठवड्यात बसने आलात, माझी पेटी उचललीत आणि म्हणालात, "माझ्या दुकानावर माडीची खोली रिकामी आहे. तिथं उंदीर शिकतात त्यापेक्षा पुट्टी शिकेल." मला घरात पुट्टी, म्हणजे छकुली, म्हणायला तुम्हीच सुरुवात केलीत. इंजिनियर झाले तरी तुम्ही ते सोडलं नाहीत. गिऱ्हाइकांसमोर मात्र "इंजिनियरबाई" म्हणायचात, आणि ते म्हणताना तुमचा आवाज शेजारच्या पत्र्याच्या दुकानापर्यंत जाईल एवढा मोठा व्हायचा.

तुमची शाळा पाचवीपर्यंत. पण मंडी मोहल्ल्यातल्या त्या अंधाऱ्या दुकानात मी जे शिकले ते कॉलेजात कोणी शिकवलं नाही. जाम झालेला भाग सोडवणं हे त्यातलं मोठं. अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये लोखंडी बोल्ट वर्षानुवर्षं पाण्यात राहिला की दोघांच्या मधे पांढरी पूड धरते. मग पाना लावून जोर केला तर बोल्ट फिरत नाही, तुटतो. तुम्ही जोर करायचाच नाहीत. डिझेल आणि जुनं ऑइल मिसळून थेंब थेंब सोडायचं, पितळी हातोडीने डोक्यावर हलके ठोके द्यायचे, आणि तसंच ठेवून चहाला जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठोके. पुन्हा चहा.

मी वैतागायचे. "मामा, अ‍ॅल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या दुप्पट फुगतं. ज्योत फिरवली की पाच मिनिटांत सुटेल. पुस्तकात आहे."

"तुझ्या पुस्तकाला सांग गे, ह्या बोल्टाने ते वाचलेलं नाही."

पण एकदा तुम्ही माझं ऐकलंत. मी हाउसिंग तापवलं, तुम्ही पाना लावलात आणि तीन दिवसांचा हट्टी बोल्ट कुरकुर करत बाहेर आला. तुम्ही बोल्ट खिशात टाकलात आणि गल्लीतल्या चार दुकानांत दाखवून आलात. परत आल्यावर म्हणालात, "स्वल्प अक्कल आहे पुस्तकाला." तेव्हापासून ज्योत की भिजवण, हा आपला वाद रोजचा झाला. तो तसाच राहिला.

आणि एक गोष्ट पुस्तकात नव्हती, फक्त आपल्या घरात होती. तुरटी. तुमचे आजोबा रंगारी. कापडावर लाल रंग धरावा म्हणून ते कापड आधी तुरटीच्या पाण्यात उकळायचे, आणि त्या भांड्याजवळ लोखंडाची पळीसुद्धा येऊ द्यायचे नाहीत. लोखंड तुरटीत विरघळतं आणि लाल रंग काळपट पडतो. रंगाचं काम तुमच्या वडिलांच्या वेळीच बंद पडलं. पण ही गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली होती, आणि पुढे तिचा उलटा उपयोग केलात. अ‍ॅल्युमिनियमच्या भोकात लोखंड तुटून अडकलं, ड्रिलही लागेना, की ते हाउसिंग तुरटीच्या गरम पाण्यात ठेवायचं. तुरटी अ‍ॅल्युमिनियमला हात लावत नाही, लोखंड खाते. चार दिवसांत भोक मोकळं. शहरातले मोठे वर्कशॉपवाले हे बघायला यायचे, आणि तुम्ही त्यांना सांगायचात, "आमच्या आजोबांचं औषध आहे."

त्या औषधाचा नियमही आजोबांचाच होता. जे लोखंड खायचं आहे ते सोडून दुसरं लोखंड पातेल्यात जाता कामा नये.

*

सिद्धराजूची बोट जेट पंपाची. तिला बाहेर फिरणारा पंखा नसतो. पंखा आत, हाउसिंगमध्ये फिरतो, खालून पाणी ओढतो आणि मागे जोरात फेकतो. तलकाडच्या उथळ, वाळूच्या पात्रात अशीच बोट चालते, आणि पाण्यात पडलेल्या माणसाजवळ नेली तरी त्याला पातं लागत नाही. म्हणून एरवी तो लोकांना फिरवायचा, आणि कोणी भोवऱ्यात सापडलं की तीच बोट घेऊन धावायचा. त्याने ती समुद्राकाठच्या कोणाकडून जुनी घेतली होती. खाऱ्या पाण्याने पंप आतून पांढरा पडला होता. हाउसिंगचा एक बोल्ट तुटला. तो काढायला उलट्या आट्यांची पिन घातली, ती माझ्याच हातात तुटली. कडक पोलादाची पिन, ड्रिल तिच्यावरून नुसतं घसरत होतं.

"तुरटी," तुम्ही म्हणालात.

त्याच आठवड्यात तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं. जायच्या आधी तुम्ही मला समोर उभं करून क्रम सांगितलात. आधी पंखा शाफ्टवरून उतरवायचा. मग मागची टोपी, तिचे चार बोल्ट. मग शाफ्ट आणि बेअरिंग बाहेर. हाउसिंग एकटं उरलं की मगच पातेलं. "गडबड बेड, पुट्टी. घाई नको. सिद्धराजू ओरडू दे."

सिद्धराजू ओरडतच होता. सलग सुट्ट्या येत होत्या, वाळवंटावर गर्दी होणार होती. मी दिवसभर पंख्याशी झगडले. तो शाफ्टच्या आट्यांवर असा धरला होता की तसूभर हलला नाही. टोपीचे बोल्ट धरले, तर एकाचं डोकं पान्याखाली गोल व्हायला लागलं. मी घाबरले. हे चारही तुटले तर काय करायचं? आणि मग मी पुस्तकातून विचार केला. पंखा, शाफ्ट आणि टोपीचे बोल्ट स्टेनलेसचे, त्यांना तुरटी लागत नाही. बेअरिंग तर टोपीच्या आत, सीलच्या मागे, ग्रीसमध्ये बंद आहे. जे सील नदीचं पाणी आत येऊ देत नाही, ते तुरटीचं पाणी कसं येऊ देईल?

मी अख्खा पंप, पंख्यासकट, बेअरिंगसकट, पातेल्यात सोडला.

चार दिवस मंद आच. दिवसा चालू, संध्याकाळी बंद. भोकातून बुडबुडे येत होते, पाणी तपकिरी होत होतं. पाचव्या दिवशी ती पोलादी पिन, तिच्याभोवतीच्या बोल्टासकट, चिखल होऊन सुईने बाहेर आली. भोक कोरं, आटे शाबूत. मी दुकानात एकटीच हसले. मग शाफ्ट हाताने फिरवून बघितला. किंचित खरखर लागली. जुनं ग्रीस असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ते मी स्वतःला सांगितलं, हे मला आजही नीट आठवतं.

खरं काय झालं ते मला नंतर समजलं, आणि तेही पुस्तकातूनच. नदीचं पाणी गार असतं. पातेलं तापलं की आतली हवा फुगते, ग्रीस पातळ होतं, सीलच्या कडेने दोन्ही थोडं थोडं बाहेर पडतात. आच बंद केली की आत पोकळी होते आणि ती बाहेरचं पाणी ओढून घेते. चार दिवस तापवून आणि चार वेळा गार करून मी ते बेअरिंग तुरटी पाजत होते.

तुम्ही हिरवी पट्टी बांधून दुकानात आलात. दुसऱ्या डोळ्याने तुम्हाला आधीपासून अंधुकच दिसायचं. पंप मी पुसून बाकावर ठेवला होता. तुम्ही मोकळ्या भोकात करंगळी घातलीत, आटे चाचपलेत आणि म्हणालात, "भेष! आजोबा असते तर तुला रंगाच्या भट्टीवर बसवलं असतं." मग तुमची बोटं मागच्या टोपीकडे गेली. चार बोल्टांवरून फिरली आणि जरा थांबली.

"बेअरिंग काढलं होतंस ना?"

"हो, मामा. परत बसवलं."

"हौदा? खरंच?"

"हो."

"आयतु, झालं तर मग," तुम्ही म्हणालात, आणि पंप बोटीला बसवायला स्वतः तलकाडला आलात, कारण एवढं नाजूक काम त्या पोरांवर सोडवेना. म्हणून सगळ्यांना आठवतं ते हेच. पट्टी बांधलेला म्हातारा, चाचपडत पंप बसवत होता.

*

पुढचे दीड महिने बोट चांगली चालली. मी ती खरखर विसरले होते.

त्या रविवारी आपण दोघं तलकाडलाच होतो. तुमची पट्टी सुटली होती आणि तुम्हाला नदी बघायची होती. माझ्या पर्समध्ये कारखान्याचं नेमणुकीचं पत्र होतं, पुढच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. तुम्ही ते वाळूत बसून दोनदा वाचायला लावलंत.

कोल्लेगालचा एक माणूस बायकोबरोबर आला होता. गुडघाभर पाण्यातून चालता चालता त्याच्या पायाखालची वाळू सरकली. सिद्धराजू बोट घेऊन निघाला. आपण काठावरून बघत होतो. त्या माणसाचं डोकं दिसत होतं, वर केलेला हात दिसत होता. बोट अर्ध्यावर गेली आणि तिच्यातून एक आवाज आला. तुम्ही आणि मी सोडून काठावर कोणालाच तो कळला नसेल. बेअरिंग फुटलं होतं. शाफ्ट एका बाजूला पडला आणि पंखा हाउसिंगमध्ये जाम झाला. इंजिन किंचाळलं आणि बंद पडलं. बोट प्रवाहात आडवी झाली. सिद्धराजूने उडी मारली, पोहत गेला. पोचला तेव्हा तिथे फक्त पाणी होतं.

बोट पोचली असती तर तो वाचला असता की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही. बोट पोचली नाही, एवढंच खरं.

सिद्धराजू काठावर आला आणि ओलेत्यानेच तुमच्यावर धावून गेला. "कण्णु काणद मुदुकन कैगे कोट्टु केट्टे नानु!" डोळ्यांनी न दिसणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातात दिलं आणि बुडालो. त्या माणसाची बायको वाळूत बसली होती. तिने तुमच्याकडे बघितलं. तुम्ही तिच्याकडे बघून म्हणालात, "होय अम्मा. पंप माझ्याच हातचा."

मी तुमच्या शेजारी उभी होते, मामा. एका हाताच्या अंतरावर. माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. पर्समध्ये ते पत्र होतं.

पंचनाम्यात यंत्र बिघडलं एवढंच लिहिलं गेलं. तुम्ही सिद्धराजूकडून पंप मागून घेतलात, गोणपाटात बांधून दुकानाच्या बाकाखाली ठेवलात आणि शटर ओढलंत. पुन्हा पाना हातात धरला नाहीत. शहरात ज्याला त्याला माहीत होतं की मामाचे डोळे गेले आणि एक माणूस मेला. तुम्ही कोणाचं म्हणणं खोडलं नाहीत.

मी कुवेंपुनगरात खोली घेतली. दर रविवारी जेवायला यायचे. तुम्ही ताटावर बसून माझ्या कामाचं विचारायचात. मी तपासणी विभागात. तयार झालेला भाग मापात आहे की नाही, ते बघून सही करायची. एकदा तुम्ही घास हातात धरून विचारलंत, "मापात चुकलेलं असलं तर सांगतेस ना त्यांना?"

"सांगते की, मामा."

"तुझ्याच हातून चुकलं असलं तर?"

"तरी सांगते."

तुम्ही मान हलवलीत आणि मामींना म्हणालात, "हिला अजून सारू वाढ." मला वाटलं, म्हातारा माणूस, कामाची चौकशी करतोय. घरी जाताना मला बरं वाटत होतं. अकरा महिने मी असं बरं वाटून घेत राहिले, आणि मग एका सकाळी मामींचा फोन आला.

*

तेराव्याच्या त्या खोलीत मी भाताचं भांडं खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. पातेलं, बेअरिंग, खरखर, ते 'हो'. मला वाटलं होतं सिद्धराजू उठून मला मारेल. तो कळवळून माझ्याकडे बघत राहिला.

"तू इंजिनियर, अम्मा. तू अशी चूक करशील? मामाचं नाव राहावं म्हणून बोलतेस. ओळ्ळे हुडुगी. गुणी पोर."

"नाही, सिद्धराजू. खरंच."

"बस कर, पुट्टी," मामी म्हणाल्या. "माहीत आहे सगळ्यांना, तुझा किती जीव होता ते."

मामा, तुम्ही मला शिकवलंत, ते शिक्षणच आड आलं. माझ्याकडे पदवी होती आणि तुमच्याकडे हिरवी पट्टी. कोणाचं खरं मानायचं हे लोकांचं आधीच ठरलं होतं.

मी सिद्धराजूला म्हणाले, "रविवारी दुकानात ये. तुझ्यासमोर खोलते."

तो आला. मला वाटतं माझी समजूत घालायलाच आला. मी शटर वर केलं, गोणपाट सोडलं. वर्षभर तसाच पडलेला पंप आणखी धरला होता. पंख्याच्या कडेने पांढरी पूड फुटून बाहेर आली होती. मी डिझेल, ऑइल, तुमची पितळी हातोडी, गॅसची ज्योत, सगळं मांडून बसले. दोन-तीन रविवार जातील असा हिशेब केला होता. पंखा हलला नाही. हाउसिंगच्या आतली झिजेची रिंग हलली नाही. मुख्य बोल्टांपैकी एकही हलला नाही.

मग मी मागच्या टोपीला पाना लावला. जिथे त्या दिवशी घाबरून मागे फिरले होते, तिथे. गोल झालेल्या डोक्याचा बोल्ट आधी धरला, आणि श्वास रोखून जरासा दाब दिला.

तो दोन बोटांनी फिरला.

चारही तसेच. एकामागून एक, लोण्यातून निघाल्यासारखे. त्यांच्या आट्यांवर काळसर ग्रीस होतं, ग्राफाइट कालवलेलं. असं ग्रीस कोण लावायचं ते दुकानात कोणालाही विचारावं. पुढच्या वेळी उघडणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून तुम्ही प्रत्येक बोल्टाला ते लावायचात.

टोपी हातात आली. आत नवं ग्रीस भरलेलं होतं. फडक्याने पुसलं तेव्हा बेअरिंग दिसलं. गोळ्यांची जाळी फुटलेली, आणि ज्या गोळ्या उरल्या होत्या त्या आरशासारख्या असायला हव्यात, त्या करड्या, खवल्यांच्या, चाळणीसारख्या. मी सिद्धराजूचं बोट धरून त्यावर फिरवलं.

"वाळूने लांब ओरखडे पडतात," मी म्हणाले. "हे ओरखडे नाहीत."

त्याने टोपी उजेडात धरून फिरवली. आयुष्यभर पंप बघितलेला माणूस. मग म्हणाला, "मामाने हे उघडलं होतं."

"हो."

"म्हणजे त्याला माहीत होतं."

मी बाकावर बसले. केव्हा उघडलंत, मामा? शटर ओढून घेतल्यावर लगेच? ज्या बोल्टांपुढे मी हार मानली, ते तुम्ही किती दिवस भिजवत बसलात? आणि पहिला सुटला तेव्हा त्याच्या जुन्या, कधीच न हललेल्या आट्यांवरून तुम्हाला कळलं असेल की मी तो उघडलाच नव्हता. मग तुम्ही बेअरिंग बघितलंत, नवं ग्रीस भरलंत आणि टोपी बंद केलीत. त्यानंतरच्या एखाद्या रविवारी मला सारू वाढायला सांगितलंत.

त्यावर मला तुमच्याशी भांडायचं होतं. तुम्ही का नाही बोललात? मला ओरडून विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. की तुम्ही वाट बघत होता? भिजवून, ठोके देऊन, चहाला जाऊन? मी सुटेन म्हणून?

सिद्धराजूने टोपी बाकावर ठेवली. त्याचा आवाज आता मऊ नव्हता. "मी त्याला काठावर सगळ्यांसमोर काय बोललो ते तुला माहीत आहे. तू तिथेच होतीस." मग खिशातून फोन काढून म्हणाला, "त्या बाईचा पत्ता घे. हे मी तिला सांगणार नाही. तू सांग."

*

काल मी कोल्लेगालला गेले. त्या बाईंचं नाव नागरत्ना. एका शाळेत शिकवतात. दारात त्यांनी मला ओळखलं नाही. नाव सांगितलं, तुमचं नातं सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आत बसायला सांगितलं.

मी सांगितलं. कन्नडात, सोपं करून, काही न गाळता. पर्समधलं पत्रसुद्धा. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. भिंतीवर त्या माणसाचा फोटो होता. तो माणूस हसत होता, आणि पहिल्यांदा मला त्याचा चेहरा दिसला. नदीत मला फक्त डोकं आणि हात दिसला होता.

माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "तुमचे मामा आले होते इथे."

मला माहीत नव्हतं, मामा.

"पावसाळ्याच्या आधी. एकटेच, बसने, काठी घेऊन. ह्याच खुर्चीवर बसले. म्हणाले, माझ्या हातून झालं, अम्मा, तुम्ही मला काय बोलायचं ते बोला. मी बोलले. माझ्या मनात होतं नव्हतं ते सगळं बोलले. तुमच्या घरातलं कोणी असं बुडावं, असं मी म्हणाले. डोळे नव्हते तर हात का घातलात, म्हणाले. ते खाली बघून ऐकत होते. पाणीसुद्धा दिलं नाही मी त्यांना. दार उघडून उभी राहिले, आणि ते गेले."

आतल्या खोलीत कुकरची शिट्टी झाली. त्या उठल्या नाहीत.

"ते वारले कधी?"

मी सांगितलं.

"म्हणजे तीन आठवडे झाले." त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि मोजणं मधेच सोडलं. "ते बोलणं मी आता कोणाकडून परत घेऊ?"

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तुम्ही ते असताना का आला नाहीत? एक महिना आधी आला असता तरी मी मैसूरला गेले असते. त्यांच्या पाया पडले असते. आता तुम्ही येऊन तुमचं ओझं हलकं केलंत, आणि मला हे दिलंत."

"मी हलकी झाले नाही," मी म्हणाले.

"मला माहीत नाही. ते तुमचं तुम्ही बघा." त्या उठल्या, आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला. "नीरु कुडीरी. पाणी पिऊन जा. एकदा मी चुकले आहे, दुसऱ्यांदा नको."

मी ते पाणी प्यायले, मामा. सगळं प्यायले. ते तुमचं होतं.